भाडेकरूचा कुत्रा आणि विम्याची यादी : अमेरिकेत घर भाड्याने देणाऱ्यांनी काय करावं

न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत आमचं पहिलं टाउनहाउस आहे. मुलांच्या शाळेपायी पुढे दुसऱ्या गावात घर घेतलं. जुन्याचं कर्ज कमी व्याजाचं होतं, विकायला जीव होईना, म्हणून ते भाड्याने दिलं. आपल्याकडचे कितीतरी लँडलॉर्ड असेच ओघात झालेले असतात. लीजचा नमुना एका मित्राकडून घेतला. त्यात ‘नो पेट्स’ अशी ओळ होती, ती तशीच राहू दिली आणि प्राण्यांचा विषय मिटला असं समजून चाललो.

दुसऱ्या वर्षी भाडेकरू बाईंचा ईमेल आला. डॉक्टरांच्या सल्ल्याने कुत्रा ठेवायचा आहे, सोबत पत्र जोडलंय, कुत्रा रॉटवायलर मिक्स आहे. मी विमा एजंटला फोन लावला. तो म्हणाला, “रॉटवायलर? नाही चालणार, आमच्या यादीत आहे.” झालं, मी लगेच ‘सॉरी, इन्शुरन्सवाले परवानगी देत नाहीत’ असं उत्तर टाइप करायला घेतलं. बायको एचआरमध्ये आहे. ती मागून वाचत होती. म्हणाली, “ऑफिसात ‘अकॉमोडेशन’ हा शब्द आला की आम्ही आधी वकिलाला विचारतो. तू थेट सेंड दाबतोयस.”

तो ईमेल गेला नाही म्हणून हा लेख लिहायची वेळ निवांतपणे आली. मी वकील नाही. पुढचं सगळं मी वकिलाला फी देऊन, कागद वाचून आणि विमा कंपन्यांच्या फोनवर तासन्‌तास संगीत ऐकून शिकलोय. तुमचं राज्य वेगळं असेल तर तिथले नियम वेगळे तपासा.

१. आधी हे समजून घ्या : हा ‘पेट’ नाही

घरांच्या बाबतीत लागू होतो तो फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट. मूळ कायदा १९६८ चा. त्यात अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करायला मनाई आली ती १९८८ च्या दुरुस्तीने. या कायद्याखाली अपंग व्यक्ती ‘रीझनेबल अकॉमोडेशन’ मागू शकते, म्हणजे तिला घराचा इतरांसारखा वापर करता यावा म्हणून एखाद्या नियमात सूट. ‘नो पेट्स’ हा तसाच एक नियम. सहायक प्राणी त्यातून बाहेर.

गोंधळ होतो तो दोन कायदे एकत्र केल्यामुळे. दुकानं, हॉटेलं, ऑफिसं यांना लागू होणारा एडीए, म्हणजे अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट, हा १९९० चा कायदा वेगळा. त्यात ‘सर्व्हिस अ‍ॅनिमल’ म्हणजे विशिष्ट कामासाठी शिकवलेला कुत्रा. घरांच्या कायद्यात व्याप्ती मोठी आहे. प्रशिक्षण नसलेला, पण ज्याच्या सोबतीने आजाराचा त्रास कमी होतो असा प्राणीही त्यात येतो. त्यालाच लोक ईएसए, म्हणजे इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल, म्हणतात. म्हणून “ट्रेनिंगचं सर्टिफिकेट दाखवा” किंवा “त्याच्या अंगावर ते लाल जॅकेट का नाही?” हे प्रश्न इथे गैरलागू आहेत. अशा प्राण्यांची केंद्र सरकारची कुठलीही नोंदणी नसते. जॅकेट आणि ओळखपत्र ऑनलाइन कोणालाही विकत मिळतं, त्यामुळे ते असण्या-नसण्याने काहीच सिद्ध होत नाही.

२. कायदा तुम्हाला लागू आहे का?

बहुधा आहे. केंद्रीय कायद्यात दोन छोट्या सवलती आहेत. जास्तीत जास्त चार बिऱ्हाडांच्या इमारतीत मालक स्वतः राहत असेल तर एक. आणि तीनपेक्षा जास्त स्वतंत्र घरं नसलेल्या मालकाने ब्रोकर न घेता आणि भेदभाव करणारी जाहिरात न देता घर दिलं तर दुसरी. पण राज्यांचे कायदे याहून कडक असतात. न्यू जर्सीच्या भेदभावविरोधी कायद्यात ही सवलत आणखी आकसते : दोन बिऱ्हाडांच्या घरात एकात मालक राहत असेल, तर दुसऱ्यापुरती. माझं टाउनहाउस कुठेच बसत नव्हतं, शिवाय भाडेकरू रिअल्टरकडून आलेल्या.

पुण्यात फ्लॅट भाड्याने देताना आपण बिनदिक्कत म्हणतो, बॅचलर नकोत, कुत्रं नको, नॉनव्हेज नको. अकरा महिन्यांचा करार, पटलं नाही तर पुढचा करायचा नाही. ती सवय इथे विमानतळावरच सोडून या. न्यू जर्सीत तर बहुतेक घरांत, लीज संपली एवढ्या कारणावर भाडेकरूला काढताच येत नाही. आणि विनंती केली म्हणून सूड उगवल्यासारखं दिसलं, तर ती वेगळी तक्रार होते.

३. विनंती आली की पहिल्या दिवशी

फक्त पोच द्या. ‘तुमची विनंती मिळाली, बघून अमुक तारखेपर्यंत कळवतो.’ बस. ‘हो’ नको, ‘नाही’ तर नकोच, आणि ‘बघू’ असं बोलून विसरणंही नको. उत्तर न देता लांबवणं हा नकारच धरला जाऊ शकतो. गृहनिर्माण खातं, म्हणजे हड, त्याच्या २०२० च्या पत्रकात कागद मिळाल्यापासून दहा दिवसांत उत्तर द्यावं असं सुचवलं होतं. अशी पत्रकं निघतात आणि मागेही घेतली जातात, पण मी दहा दिवसांचाच हिशोब धरतो.

विनंती ठरावीक फॉर्मवर असावी लागत नाही. तोंडी चालते. ‘अकॉमोडेशन’ हा शब्दही यावा लागत नाही. लीजवर सही झाल्यावर, अगदी कुत्रा घरात आल्यावरही करता येते. “आधी का नाही सांगितलं?” हा राग मलाही आला होता. तो गिळा. सगळं बोलणं ईमेलवर ठेवा. फोनवर बोललात तर नंतर दोन ओळींत ‘आपलं असं बोलणं झालं’ लिहून पाठवा.

४. काय मागायचं, काय नाही

अपंगत्व आणि प्राण्याची गरज दोन्ही डोळ्यांना दिसत असतील, उदाहरणार्थ अंध व्यक्ती आणि तिचा गाइड डॉग, तर काहीही मागू नका.

दिसत नसेल तर दोनच गोष्टींची खात्री करता येते : व्यक्तीला कायद्याच्या अर्थाने अपंगत्व आहे, आणि प्राण्याचा त्याच्याशी संबंध आहे. त्यासाठी तिला ओळखणाऱ्या डॉक्टर, थेरपिस्ट, सोशल वर्कर अशा कोणाचं पत्र पुरतं. आजाराचं नाव विचारायचं नाही. औषधं, रिपोर्ट, नोटरी काही मागायचं नाही. डॉक्टरांना फोन करून “खरंच गरज आहे का हो?” असा तपास करायचा नाही.

पत्र खरं आहे का हे मात्र पाहता येतं. लिहिणाऱ्याचा लायसन्स नंबर राज्याच्या साइटवर तपासा, दोन मिनिटांचं काम आहे. पाच प्रश्नांचा फॉर्म भरा आणि पैसे भरा अशा वेबसाइटचं पत्र असेल तर ते एकटं पुरेसं मानायची सक्ती नाही. पण फेटाळू नका, “आणखी थोडी माहिती द्याल का?” असं विचारा. व्हिडिओ कॉलवर खरोखर उपचार करणारे थेरपिस्टही असतात, त्यांचं पत्र चालतं. कॅलिफोर्नियात २०२२ पासून नियम आहे की सपोर्ट डॉगसाठी पत्र देणाऱ्याचा त्या व्यक्तीशी आधी किमान तीस दिवसांचा संबंध हवा. तुमच्या राज्यात असं काही आहे का बघा.

माझ्या भाडेकरू बाईंचं पत्र इथल्याच एका थेरपिस्टचं, पाच ओळींचं होतं. लायसन्स चालू निघालं. इथे माझं या बाजूचं काम संपलं.

आणि ते पत्र मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘हे बघा काय नवीन’ म्हणून टाकू नका. कोणाच्या तब्येतीचा कागद आहे तो.

५. आता विमा

खरा गुंता इथे आहे, आणि बहुतेक घरमालक इथेच पडतात.

भाड्याच्या घराची पॉलिसी ही राहत्या घराच्या पॉलिसीपेक्षा वेगळी असते, बहुतेकदा डीपी-३ नावाची. घराचं नुकसान एका भागात आणि तुमच्यावर कोणी दावा केला तर त्याचं संरक्षण, म्हणजे लायबिलिटी, दुसऱ्या भागात. कुत्रा चावण्याचा प्रश्न लायबिलिटीत येतो. विमा कंपन्या घाबरतात त्याला कारण आहे. २०२३ मध्ये या देशात कुत्र्यांमुळे झालेल्या दाव्यांपोटी त्यांनी एक अब्ज डॉलरहून जास्त मोजले. म्हणून पिट बुल, रॉटवायलर, डॉबरमन, अकिता, चाउ चाउ, लांडग्याचा संकर अशा याद्या. काहींच्या यादीत जर्मन शेफर्डही असतो.

एजंट “चालत नाही” म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ तीनपैकी एक असतो. कोणता, ते शोधून काढा.

पहिला : कंपनीचा नियमच असा की असा कुत्रा असलेलं घर आम्ही घेत नाही. मग पॉलिसी रद्द होईल किंवा पुढच्या वर्षी नवीकरण होणार नाही.

दुसरा : पॉलिसी चालू राहील, पण प्राण्यामुळे झालेल्या इजेचा दावा आम्ही देणार नाही. याला अ‍ॅनिमल लायबिलिटी एक्स्क्लूजन म्हणतात. बऱ्याच पॉलिसींत हे सगळ्याच प्राण्यांना लागू असतं आणि आपण ते कधी वाचलेलं नसतं.

तिसरा : दावा देऊ, पण ठरावीक रकमेपर्यंतच.

हा फरक महत्त्वाचा का? जून २००६ मध्ये हडने आपल्या तपास अधिकाऱ्यांसाठी एक टिपण काढलं होतं. विशिष्ट जातीच्या कुत्र्यामुळे विमा कंपनी पॉलिसी रद्द करणार असेल, प्रीमियम बराच वाढवणार असेल किंवा अटी तुमच्या विरोधात बदलणार असेल, तर तो घरमालकावर अवाजवी बोजा ठरतो, असं त्यात म्हटलंय. म्हणजे विम्याचं कारण पोकळ नाही. पण त्याच टिपणात पुढे आहे की अधिकाऱ्याने हे विमा कंपनीकडून थेट पडताळून घ्यावं, आणि ही बंदी नसलेला तसाच विमा बाजारात मिळतो का तेही पाहावं. ‘एजंट फोनवर नाही म्हणाला’ हा या परीक्षेत शून्य मार्कांचा पेपर आहे.

माझ्या बाबतीत पॉलिसीची बारीक छपाई वाचल्यावर कळलं की प्रकार दुसरा होता. पॉलिसी रद्द होणार नव्हती, प्रीमियम वाढणार नव्हता, अटी पहिल्या दिवसापासून तशाच होत्या. चावा झाला तर मी उघडा, एवढंच. म्हणजे भाडेकरूला नाही म्हणायला माझ्याकडे कारण फारसं उरलं नव्हतं, आणि धोका मात्र माझ्याच खिशाला होता. वकिलाचं मतही हेच पडलं.

मग मी केलं ते असं, आणि हाच क्रम तुम्हालाही सुचवेन.

एजंटला ईमेल केला, त्यात चार प्रश्न. पॉलिसीतलं नेमकं कलम कोणतं? फेअर हाउसिंग अ‍ॅक्टखालच्या सहायक प्राण्याला त्यातून अपवाद आहे का? नसेल तर अंडररायटर, म्हणजे कंपनीत विमा द्यायचा की नाही ते ठरवणारा, अपवाद करेल का? कुत्रा आल्यास पॉलिसीचं नेमकं काय होईल : रद्द, वाढ, की काहीच नाही? उत्तर लेखी द्या, असं खाली ठळक. भाडेकरूचं नाव किंवा तिच्या तब्येतीबद्दल अक्षर लिहिलं नाही. विमा कंपनीला त्याची गरज नसते.

एजंटची पहिली दोन उत्तरं ‘कॉल मी’ अशी आली. ते आपल्याला लेखी देत नाहीत हे बघून मी तिसऱ्यांदा लिहिलं की हा प्रश्न भेदभावविरोधी कायद्याचा आहे, कृपया अंडररायटिंगकडे पाठवा. मग कलमासकट नीट उत्तर आलं. अपवाद नाही, पण रद्दही नाही.

त्यानंतर स्वतंत्र एजंट गाठला, म्हणजे एकाच कंपनीचा नव्हे तर अनेक कंपन्यांच्या पॉलिसी विकणारा. सगळ्याच कंपन्या जात बघत नाहीत. काही जण फक्त एवढंच विचारतात की हा कुत्रा आधी कोणाला चावलाय का. स्टेट फार्म ही त्यातली सर्वांना माहीत असलेली. मला दोन कोटेशन आली, त्यातलं एक जुन्यापेक्षा थोडं महाग होतं. तेवढ्या पैशांत लायबिलिटी पूर्ण मिळत होती, मी पॉलिसी बदलली.

राज्याचा विमा कायदाही बघा. न्यू यॉर्क आणि नेवाडा या राज्यांनी २०२१ मध्ये कायदे करून, केवळ कुत्र्याच्या जातीवरून विमा नाकारायला किंवा महाग करायला बंदी घातली. मात्र असा कायदा राहत्या घराच्या पॉलिसीपुरता आहे की भाड्याच्या घरालाही धरतो, ते वाचून घ्या.

या टप्प्यावरचे सापळे :

‘विमा कंपनीला सांगायचंच कशाला?’ हा सल्ला मला तीन जणांनी दिला. देऊ नका आणि घेऊ नका. अर्जात किंवा नवीकरणाच्या फॉर्मवर प्राण्याबद्दल विचारलं असताना खोटं लिहिलं, तर उद्या आग लागली तरी कंपनी तेवढ्या कारणावर भांडू शकते.

‘रॉटवायलरऐवजी लॅब्रॅडॉर आणा’ असं भाडेकरूला सुचवू नका. जातीवरून मनाई हा पेट्ससाठीचा नियम आहे, तो इथे चालत नाही. कुत्र्याचं वजन, आकार हेही नाही.

‘कुत्र्याचा लायबिलिटी विमा तुम्ही काढा, मगच परवानगी’ ही अटही घालता येत नाही. सगळ्या भाडेकरूंकडून रेंटर्स इन्शुरन्स, म्हणजे भाडेकरूचा स्वतःचा विमा, मागत असाल तर तिच्याकडूनही मागा, त्यात अडचण नाही.

पॉलिसी बदलताना नवी सुरू झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय जुनी बंद करू नका. कर्ज असेल तर बँकेला नवी पॉलिसी लगेच कळवा. नाही कळवली तर बँक स्वतःच महागडा विमा काढून तुमच्या हप्त्यात टाकते. मध्येच सोडल्याबद्दल जुनी कंपनी परताव्यातून थोडी कपात करू शकते, ते आधी विचारा.

६. ‘हो’ कसं म्हणायचं

एक पानी पत्र. विनंती मान्य आहे, ‘नो पेट्स’ची ओळ या प्राण्याला लागू नाही. पेट डिपॉझिट नाही, पेट रेंट नाही, पेट फी नाही. न्यू जर्सीत डिपॉझिट मुळातच दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, त्यात प्राण्याच्या नावाने वर टाकायचा प्रश्नच नाही.

साधे नियम लिहिता येतात : म्युनिसिपालिटीचं कुत्र्याचं लायसन्स आणि रेबीजची लस, बाहेर पट्टा, विष्ठा उचलणं, रात्रभर भुंकणं नको. जे कोणत्याही रहिवाशाकडून अपेक्षित असतं तेवढंच. नुकसान झालं तर इतर भाडेकरूंसारखंच डिपॉझिटमधून वळतं करता येतं. म्हणून कुत्रा येण्याआधी, तिच्या वेळेनुसार, घराचे फोटो काढून ठेवा. दारांच्या खालच्या कडा आणि गालिचे विसरू नका, मी विसरलो होतो.

७. ‘नाही’ म्हणायचंच असेल तर

त्या एका विशिष्ट प्राण्याने कोणाला इजा केली असेल किंवा मोठं नुकसान केलं असेल, आणि दुसऱ्या कोणत्याही उपायाने धोका टळत नसेल, तर नकार टिकू शकतो. ‘या जातीचे कुत्रे असेच असतात’ हा पुरावा नाही. विम्याचं कारण देणार असाल तर कंपनीचं लेखी उत्तर आणि बाजारात शोधल्याचे निदान दोन-तीन नकार हाताशी हवेत. नकाराआधी भाडेकरूशी दुसरा मार्ग निघतो का याची चर्चा झालेली असावी, तीही लेखी. आणि हे पत्र वकिलाला दाखवल्याशिवाय पाठवू नका. तासाभराची फी परवडते. हडकडे तक्रार करायला भाडेकरूला एक वर्ष असतं, कोर्टात जायला दोन. पहिल्याच उल्लंघनाचा दंड २५ हजार डॉलरच्या वर जाऊ शकतो, भरपाई आणि वकिलांची फी वेगळी.

८. एचओए आडवी आली तर

टाउनहाउसला घरमालकांची असोसिएशन, म्हणजे एचओए, असते आणि तिचे स्वतःचे कुत्र्यांचे नियम असतात. तोच कायदा त्यांनाही लागू आहे. आमच्या असोसिएशनने वजनाची मर्यादा दाखवत नोटीस पाठवली. मी विनंती आणि माझी मंजुरी कळवली, आजाराबद्दल काही न लिहिता. दुसरी नोटीस आली नाही. शेजाऱ्यांनी विचारलं तर ‘ते नियमात आहे’ एवढंच सांगा.

९. फाइलमध्ये काय हवं

भाडेकरूची विनंती आणि तुमची पोच, दोन्ही तारखेसकट
डॉक्टर किंवा थेरपिस्टचं पत्र, लायसन्स तपासल्याचा स्क्रीनशॉट (हे दोन वेगळ्या, बंद फोल्डरमध्ये)
पॉलिसीचं डेक्लरेशन्स पेज (पॉलिसीचा सारांश असलेलं पहिलं पान) आणि प्राण्यांबद्दलचं कलम
विमा कंपनीची लेखी उत्तरं, घेतलेली कोटेशन
मंजुरीचं पत्र, लसीचा आणि लायसन्सचा कागद
घराचे फोटो

नवीकरणाच्या साठ दिवस आधीची आठवण फोनच्या कॅलेंडरमध्ये लावा. दर वर्षी फॉर्मवर ‘घरात कुत्रा आहे का, जात कोणती’ हा रकाना परत येतो, आणि कंपन्या आपल्या याद्या मधूनच बदलतात. आमच्या नव्या कंपनीने गेल्या वर्षी तेच केलं. साठ दिवस हातात होते, म्हणून दुसरं कोटेशन आणायला वेळ मिळाला.